माझ्या पोटातला शार्क

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे, आणि आधीच कबूल करते, मी फार भित्री आहे. काचेच्या जातीला जपूनच जगावे लागते. तुमच्यापैकी कुणाचे कोपर लागले, खिडकी धाडकन आपटली, बाहेरून जड गाडी गेली आणि फळी थरथरली, की माझ्या पोटात गोळा येतो. तसा एक गोळा तर माझ्या पोटात कायमचाच आहे. हातभर लांब, तपकिरी रंगाचा, गळ्याभोवती काळपट पट्टा असलेला आणि शेपटीवर उभा. हा शार्क आहे. त्याच्यामुळे एका माणसाचे घरदार उठायची वेळ आली होती, आणि मला सगळे ठाऊक असूनही तोंड नव्हते.

माझा जन्म भट्टीपाशी झाला. एका कारागिराने नळीच्या टोकावर तापलेली काच घेतली आणि गाल फुगवून मला फुंकले. माझ्याबरोबर माझी जुळी बहीणही जन्मली. आम्हा दोघींना शेजारी शेजारी निवत ठेवले होते. कुणीतरी दार उघडे टाकले, गार वाऱ्याची झुळूक आत आली आणि 'टक्' असा आवाज झाला. एवढाच. बहिणीच्या गळ्यापासून बुडापर्यंत एक रेघ उतरली होती. कारागीर म्हणाला, "गेली बिचारी. आता ही दुसरी तरी सांभाळा." जगात मी ऐकलेले पहिले वाक्य ते. आणि तो 'टक्' मी आयुष्यभर विसरले नाही.

पुढे मी गवतात गुंडाळून बंदराजवळच्या एका लहानशा संग्रहालयात आले. दोनच खोल्या. पहिलीत दगड, शंख आणि पक्ष्यांची अंडी. दुसरीत समुद्रातली जनावरे आणि मधोमध एक मोठे लाकडी टेबल. मेलेल्या जनावरांच्या कातड्यात भुसा भरून ती पुन्हा जिवंतासारखी उभी करणारा एक माणूस तिथे कामाला होता. मुलांनी त्याचे नाव भुसाकाका ठेवले होते. त्याने खिशातून चष्मा काढला तरी भुसा सांडायचा.

एका सकाळी एक खलाशी बादली घेऊन आला.

"काका, बघा काय सापडलंय! पार खोलातलं जनावर आहे. रात्री वर आलं आणि जाळ्यात गावलं. पोट हिरवं चकाकत होतं. आमचा स्वयंपाकी तर घाबरून कोठीत जाऊन बसला."

"चावलं का कुणाला?"

"चावायला हात कुणी दिला पाहिजे ना!"

काकाने त्या शार्कला औषधात मुरवले आणि मग माझ्यात उभे केले. माझा गळा अरुंद, तो जेमतेम आत शिरला. वरून स्पिरिट ओतले, झाकण बसवले. झाकणात एक बारीक भोक आहे, त्याला बूच आहे. दरवर्षी त्यातूनच नळीने स्पिरिट घालतात, म्हणजे झाकण उघडावे लागत नाही.

आणि मग मी पोटातल्या पाहुण्याचे तोंड पाहिले. वरचे दात बारीक, काट्यांसारखे. पण खालचे! मोठाले, त्रिकोणी, एकाला एक चिकटून करवतीसारखे उभे. मी भीतीने गार पडले. बाहेरच्या भीतीपासून माणूस पळू तरी शकतो. माझी भीती आत होती.

मुलेही घाबरू लागली. एक छोटी मुलगी तर ते तोंड पाहून तिथेच रडत बसली आणि तिच्या आईने सगळे संग्रहालय डोक्यावर घेतले. तेव्हाचे साहेब भुसाकाकाला म्हणाले, "तोंड बंद करा त्याचं! हे संग्रहालय आहे की भुताटकी?"

काकाने शार्कला बाहेर काढले, त्याचे जाड ओठ दातांवर ओढून घेतले आणि काळ्या दोऱ्याने चार टाके घातले. टाके इतके बारीक की कातडीत मिसळून गेले. "गप बस आता," तो शार्कला म्हणाला, "लोक तुला भितात आणि बोलणी मी खातो." ही गोष्ट नोंदवहीत लिहायला हवी होती. पण त्याच आठवड्यात साहेबांची बदली झाली, आणि लिहायचे राहून गेले.

माझ्या शेजारी एक सील होती. जाळ्यात अडकून बुडालेली मादी. काकाने तिलाही भुसा भरून फळीवर झोपवले होते. बाजारात दुसरे डोळे मिळाले नाहीत म्हणून तिला हरणाचे काचेचे डोळे बसवले होते. त्यामुळे ती नेहमी दचकल्यासारखी दिसायची. माझे तिच्याशी तेवढ्यामुळेच जमले असावे.

मुले आमच्यासमोर उभी राहून दोघांची तुलना करायची. सीलला श्वास घ्यायला वर यावेच लागते. शार्कला तशी गरज नाही, तरी तो दिवसभर काळोख्या खोलात राहून रात्री वर येतो. तिच्या कातडीखाली चरबीचा जाड थर, त्यामुळे ती पाण्यातही उबदार. हा पाण्याइतकाच थंड, आणि याच्या पोटात तेलाने भरलेले भले मोठे यकृत. ती पिल्लाला किनाऱ्यावर आणून दूध पाजते. याची पिल्ले दातांसकट जन्मतात आणि जन्मल्या क्षणी पोरकी होतात. ती माणसाएवढी, हा माणसाच्या हाताएवढा.

"लढाई झाली तर कोण जिंकेल?" असे प्रत्येक वर्गातले एक पोर विचारायचेच.

"सील! एका घासात गिळेल त्याला!" बाकीची ओरडायची.

मला ते ऐकून बरे वाटायचे. खोटे असले तरी बरे वाटायचे.

बऱ्याच वर्षांनी संग्रहालयात नव्या मुख्य बाई आल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांचे शिक्षण दगडांचे, पण बाई अत्यंत काटेकोर. त्यांनी माझ्या काचेला पट्टी लावून शार्क मोजला, भिंगातून पाहिला आणि एक कार्ड लिहून मला टेकवून ठेवले. कार्डाचे तोंड तुमच्याकडे, पाठ माझ्याकडे. आणि मला अक्षरे येतच नव्हती. स्वतःच्या पोटाला टेकलेले काय लिहिले आहे, हे मला दहा-बारा वर्षे कळले नाही.

ते कळले मावशींमुळे. मावशी संग्रहालयाची झाडलोट करत. लहानपणी शाळा घडली नाही, म्हणून साठी उलटल्यावर त्या दुपारी प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागल्या. सकाळी मला पुसताना फडके खांद्यावर टाकायच्या आणि कार्डावर बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने लावायच्या.

"तो... तोंड. ल... हा... लहान. तोंड लहान!" मग मला म्हणायच्या, "बघ गं, केस पिकल्यावर अक्षरं पिकायला लागली. पोरी हसतात. हसू देत."

त्यांच्या बोटामागून, कार्डाच्या पाठीवर उमटलेल्या उलट्या शाईवरून, मीही अक्षरे शिकले. एके दिवशी मावशींनी सगळे कार्ड सलग वाचले. 'खोल समुद्रातला छोटा शार्क. तोंड लहान. दात दिसत नाहीत. झिंगे व बारीक मासे खात असावा. शेजारच्या सीलला याच्यापासून धोका नाही.'

मावशी आनंदाने टाळी वाजवून निघून गेल्या. मी मात्र हादरले. मित्रांनो, इतकी वर्षे एक चुकीचे वाक्य माझ्या पोटाला पाठ लावून उभे होते, आणि येणारा प्रत्येक जण ते खरे मानून जात होता.

मावशींना एक धाकटा भाऊ होता. बंदराच्या टोकाला त्याचे यंत्रदुरुस्तीचे दुकान. बोटींच्या इंजिनांना लागणारे रबराचे गोल वायसर तो कापायचा. रबराच्या पत्र्यावर गोल, धारदार तोंडाचा पोलादी पंच ठेवायचा, हातोडीचा एक ठोका, की वायसर तयार. सगळे त्याला वायसरमामा म्हणत. माणूस मनाने साधा, पण जिभेला हाड नाही. फावल्या वेळी तो मासेही धरायचा, आणि सील त्याचे जाळे फाडायच्या. एकदा चहाच्या दुकानात तो सगळ्यांसमोर ओरडला, "एकेकीला भोकं पाडून वायसर करीन!" तेव्हा सगळे पोट धरून हसले होते.

महिन्याभरात किनाऱ्यावर एक सील आली. तिच्या पाठीवर गोल खड्डा होता. मग दुसरी आली. तिसरी आणि चौथीही. जखमा अशा गोल, की कंपासाने आखून काढाव्यात. मग कुणीच हसेना. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी चौथ्या सीलला संग्रहालयामागच्या हौदात ठेवले. ती कण्हायची ते मला ऐकू यायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोटीच्या पंख्याची जखम मी ओळखते. मोठ्या शार्कचा चावाही ओळखते. हे मात्र मी कधी पाहिलेलं नाही."

जिथे उत्तर नसते तिथे लोक माणूस ठेवतात. लोकांनी वायसरमामाला ठेवले.

गुरुवारी दुपारी बंदराचे अधिकारी संग्रहालयात आले, कारण गावातले मोठे टेबल आमच्याच खोलीत होते. टेबलाभोवती मोठ्या बाई, डॉक्टरीणबाई आणि मान खाली घातलेला वायसरमामा. मावशी दारात फडके पिळत उभ्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर भुसाकाका. त्याला निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, पण तो रोज येऊन तिथेच बसायचा. मी त्याच्याकडे पाहत होते. तो माझ्याकडे पाहायचे टाळत होता.

अधिकाऱ्यांनी टेबलावर पंच ठेवला. "हा तुझाच ना?"

"माझाच. दांड्यावर माझ्याच बोटांचे खड्डे पडलेत."

डॉक्टरीणबाईंनी जखमेत प्लास्टर ओतून ठसा घेतला होता. तो एखाद्या लहान टेकडीसारखा दिसत होता. अधिकाऱ्यांनी त्याच्या गोल बुडाला पंच लावून पाहिला. चपखल बसला. माझे पाणी पाणी झाले.

"साहेब," वायसरमामा म्हणाला, "तुमच्या चहाच्या कपाचं बूडही लावून बघा."

डॉक्टरीणबाईंनी खरेच कप लावला. तोही चपखल बसला. मावशींना हसू आवरेना. अधिकारी हसले नाहीत.

"कपाने जखम होत नाही. आणि भोकं पाडीन असं कप म्हणाला नव्हता."

"रागात म्हणालो हो! जाळं फाटल्यावर माणूस काय ओव्या गातो?"

"मग समुद्रात असं गोल चावणारं कोण आहे, ते तरी सांग." अधिकारी उठून आमच्या कपाटापाशी आले. वाकून माझे कार्ड वाचू लागले. त्यांच्या श्वासाची वाफ माझ्या काचेवर धरली. "हे बघा. 'सीलला याच्यापासून धोका नाही.' संग्रहालयातच लिहिलंय."

"मी लिहिलंय ते," मोठ्या बाई म्हणाल्या. "मोजून लिहिलंय."

"झालं तर. उद्यापासून दुकानाला कुलूप. बंदरावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. बिऱ्हाड दुसरीकडे हलव."

वायसरमामा मावशींकडे वळला. "ताई, तू तरी सांग गं. मी कधी मुंगी तरी मारलीय का?"

"मुंग्या मारतोस, खोटं बोलू नकोस," मावशी म्हणाल्या. "पण सील तू मारायचा नाहीस. पाळण्यापासून ओळखते तुला."

"मावशी, बहिणीची साक्ष चालत नाही," अधिकारी म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी मला किती ओरडावेसे वाटले म्हणून सांगू! सत्य माझ्याच पोटात उभे होते, चार टाके घालून. मी पुरी पारदर्शक, आणि तरी ते कुणाला दिसत नव्हते.

मावशी पुढे आल्या. त्यांनी फडके खांद्यावर टाकले आणि रोजच्यासारखे कार्डावर बोट ठेवले. सगळे थांबले, कारण त्या अजून हळूच वाचायच्या.

"दा... त. दात दि... स... त... दिसत नाहीत." त्यांनी वर पाहिले. "बाई, तुम्ही 'दात दिसत नाहीत' असं लिहिलंय. 'दात नाहीत' असं नाही लिहिलेलं."

मोठ्या बाईंनी वाकून ते वाक्य पुन्हा वाचले. मग हळूच म्हणाल्या, "नाही लिहिलेलं."

"मग तोंड उघडून बघितलं का कुणी?"

कोपऱ्यातले स्टूल करकरले. भुसाकाका उठला. पुन्हा बसला. मी मनातल्या मनात त्याला हात जोडत होते, हात नसतानाही. तो पुन्हा उठला.

"ते उघडत नाही," तो म्हणाला. "मी शिवलंय ते. एक्केचाळीस वर्षं झाली."

"आणि हे आज सांगताय?" अधिकारी कडाडले.

"आधी सांगायचं राहून गेलं. मग लाज वाटायला लागली. आणि आता..." काकाने कपाळावरचा घाम पुसला. "आता या स्टुलावरून उठवतील अशी भीती वाटली. मला बसायला दुसरी जागा नाही हो."

मावशी त्याच्याकडे वळल्या. "काका, तुमच्या स्टुलापायी माझा भाऊ गावातून उठला असता," एवढेच म्हणाल्या. काकाने मान खाली घातली.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि माझी पाळी आली. एक्केचाळीस वर्षांत झाकण घट्ट बसले होते. मोठ्या बाईंनी नळीने थोडे स्पिरिट काढून घेतले. वायसरमामाने जोर लावला, पण झाकण हलेना. "गरम पाण्याचं फडकं गुंडाळा," काका म्हणाला. "पण जपून. जुनी काच आहे."

गरम फडके गळ्याला लागले आणि मला भट्टीपाशी निवत पडलेली बहीण आठवली. नको, नको, असे मी म्हणत होते. त्याच वेळी हौदातली सील कण्हली. वायसरमामाने माझे झाकण पुन्हा घट्ट धरले. तो माझ्याइतकाच घाबरला होता.

'टक्.'

माझ्या गळ्याला दोन बोटांची रेघ उमटली. झाकण निघाले.

त्यांनी शार्कला ताटात ठेवले. काकाने कात्री घेतली, पण पहिला टाका दोनदा हुकला. डॉक्टरीणबाई कात्री मागत होत्या, पण त्याने दिली नाही. "मी घातलेत, मीच काढणार." मावशींनी त्याचे मनगट धरले. चार वेळा कात्री वाजली. काकाने ताठरलेला जबडा बोटांनी उघडला आणि ओठ मागे सारला.

अधिकारी एक पाऊल मागे सरकले.

काकाकडे नमुने बनवायची मऊ माती होती. त्याने तिचा मोठा गोळा केला, शार्कचे तोंड त्यात रुतवले आणि, चावल्यावर हा अंग असंच पिळत असणार, असे म्हणत ते गर्रकन फिरवले. लिंबाएवढा तुकडा अलगद सुटून आला. मागे राहिली एक गोल, खोलगट वाटी. डॉक्टरीणबाईंनी प्लास्टरचा ठसा उलटा करून त्या वाटीत ठेवला. तो असा बसला, जसे झाकण भांड्यावर.

वायसरमामाने मग न विचारताच पंच उचलला आणि मातीत ठोकला. त्याचे भोक विहिरीसारखे निघाले, भिंती सरळ, तळ सपाट. "माझं भोक असं असतं, साहेब," तो म्हणाला. "वाटी कोरायला मला या जन्मात जमणार नाही."

अधिकाऱ्यांनी दोन्ही खड्ड्यांत बोट फिरवून पाहिले. शेवटी म्हणाले, "पंच घेऊन जा." आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन ते निघाले.

"आणि तोंडाला टाके तू घाल हो आता," मावशी भावाला म्हणाल्या. "तुझ्या स्वतःच्या!" म्हणाल्या आणि मग त्याच फडक्यात तोंड लपवून रडल्या.

सगळ्यांची सुटका झाली, माझी नाही. तडकलेली बरणी कोण ठेवणार? शार्कला तात्पुरते बादलीत ठेवून मला मागच्या दाराशी, केरसुणीजवळ उभे केले. तीन दिवस मी रिकामी होते. आयुष्यभर पोटातल्या शार्कला भ्यायले, पण त्या तीन दिवसांइतकी भीती मला कधी वाटली नाही. भंगारवाल्याच्या गाडीची घंटा दोनदा दारावरून गेली.

चौथ्या दिवशी वायसरमामा आला. त्याने अंगठ्याने माझा गळा मोजला, जाड रबराचा तुकडा काढला आणि तिथेच बसून त्याचे एक कडे कापले. बाहेरची कड सुरीने, आतली त्याच पंचाने. ज्या पंचाने सीलना भोके पाडली म्हणत होते, त्याचा एकच ठोका पडला. माझ्यात पाणी भरून, कडे माझ्या गळ्यावर चढवून त्याने झाकण दाबले आणि मला उलटी धरून पाहिले. एक थेंब गळला नाही.

"आता तू पण वायसरवालीच," तो म्हणाला.

आता मी खालच्या फळीवर असते. शार्कचे तोंड उघडे आहे. मुले अजून घाबरतात, पण आता ती थांबून दातही मोजतात. भुसाकाका त्याच स्टुलावर बसून त्यांना टाक्यांची गोष्ट सांगतो, स्वतःची चूक न लपवता. कार्ड नवे आहे. मोठ्या बाईंनी सांगितले आणि मावशींनी लिहिले. अक्षरे जरा कलंडली आहेत. 'हा लहान आहे. तरी मोठ्या सीलच्या अंगाचा लचका तोडतो. आधी आमची चूक झाली होती.' हौदातली सील बरी होऊन समुद्रात गेली. तिथे खोलात याचे भाऊबंद आहेत, हे आठवले की मला अजून धस्स होते. मावशी म्हणतात, समुद्र दोघांचाही आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. ज्याची भीती वाटते त्याचे तोंड शिवून टाकू नका. आणि चूक झालीच, तर ती लिहून ठेवा. एक्केचाळीस वर्षे थांबू नका. जुन्या वस्तूला तडा गेला तर तिला केरसुणीजवळ ठेवण्याआधी एखाद्या वायसरमामाला विचारा. जवळ या, कार्ड वाचा, दात बघा, हवे तेवढे घाबरा. मीही घाबरतेच.

फक्त कोपर सांभाळा.